सकाळी सहाचे नमुने

मी एक जुनी चरखी आहे. दवाखान्याच्या कागदांवर माझं नाव सेंट्रिफ्यूज असं लिहिलेलं आहे, पण त्या नावाने मला कधी कुणी हाक मारली नाही. टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवलेलं बिडाचं धूड, एका बाजूला हाताने फिरवायचा दांडा, वर चार हात आणि त्यांना टांगलेल्या चार काचेच्या नळ्या, एवढाच माझा संसार. दांडा फिरवला की हे चार हात गरगर फिरतात आणि नळीतल्या पाण्यात जे काही जड असेल ते तळाशी जाऊन बसतं. मग वरचं पाणी ओतून द्यायचं, तळचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. पुढचं काम तो करतो आणि नावही तोच कमावतो. मित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी त्याच्यावर शाळेत निबंध लिहिला असेल. माझ्यावर कुणी चार ओळीही लिहिल्या नसतील, म्हणून मी स्वतःच बोलायला बसले आहे. गोड बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझ्या जन्माची गोष्ट फार मोठी नाही. कारखान्यात एका जाड चष्म्याच्या माणसाने मला शंभर वेळा फिरवून पाहिलं. एकही नळी फुटली नाही, म्हणून त्याने माझ्या बुडाला शिक्का मारला आणि भुश्याने भरलेल्या खोक्यात कोंबलं. खोकं उघडलं ते थेट कालव्याच्या दवाखान्यात. दोन खोल्यांचा दवाखाना, बाहेर एक लांब बाक, आत एक टेबल, कोपऱ्यात एक मोरी आणि तिच्यावर एक सतत ठिबकणारा नळ. खिडकीतून मोठा कालवा दिसायचा. त्यात कमरेइतक्या पाण्यात उभी राहून चाळीसएक माणसं दिवसभर पाणवेली कापायची आणि गाळ उपसायची. वेलींनी कालवा तुंबला की पुढच्या शेतांना पाणी पोचत नाही, म्हणून हे काम बारा महिने चालायचं. या माणसांना सगळे कालवेकरी म्हणत.

मला पहिल्यांदा हात लावला तो तपासनीसाने. हा माणूस विलक्षण नीटनेटका होता. नखं कापलेली, शर्टाची वरची गुंडी लावलेली, रजिस्टरातली प्रत्येक रेघ पट्टी धरून मारलेली. माझा दांडा फिरवताना तो ओठांतल्या ओठांत फेरे मोजायचा आणि आठवड्यातून एकदा माझ्या चाकांना दोन थेंब तेल घालायचा. त्याने मला जपलं, हे मी नाकारत नाही. पण सगळ्यात जास्त राग मला त्याचाच आहे. का, ते ऐका.

तपासनीसाचा एक नियम होता. वर्षातून एकदा सगळ्या कालवेकऱ्यांची लघवी तपासायची, आणि ती सकाळी सहाची, उठल्याबरोबरची पहिली. आठ वाजले की नमुन्यांची खिडकी बंद. लघवी म्हटल्यावर तुम्ही तोंडावर हात धरून फिदीफिदी हसत असाल, ठाऊक आहे मला. हसून घ्या, पुढे फारसं हसायला मिळणार नाही. हा नियम त्याने स्वतःच्या मनाने काढला नव्हता. पुष्कळ आजारांसाठी सकाळचाच नमुना चांगला असतो, तसंच त्याला शिकवलं होतं. कालव्यावरच्या मुकादमाला तर हा नियम फारच पसंत होता. माणसं बाटल्या देऊन सातच्या ठोक्याला पाण्यात उतरायची आणि कामाचं एक मिनिटही वाया जायचं नाही.

त्या कालव्यात एक जंत होता. म्हणजे त्याची पिल्लं होती, डोळ्याला न दिसणारी. पाणवेलींना चिकटलेल्या गोगलगायींतून ती ऊन वर आलं की बाहेर पडायची आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरायची. फार तर थोडी खाज सुटायची. आत जाऊन ती मोठी व्हायची, मूत्राशयाभोवतीच्या शिरांमध्ये जोडीजोडीने बिऱ्हाड थाटायची आणि वर्षानुवर्षं अंडी घालत राहायची. अंड्याच्या एका टोकाला काटा असतो. काही अंडी मूत्राशयाच्या भिंतीतून वाट काढत लघवीबरोबर बाहेर येतात, आणि त्यांच्यासोबत रक्तही येतं. उरलेली त्या भिंतीतच रुतून बसतात. बाहेर येणारी अंडी सर्वांत जास्त येतात ती दहा ते दोनच्या दरम्यान, ऐन दुपारी. सकाळी सहाला ती इतकी थोडी असतात की माझ्या तळच्या थेंबात एखादं सापडलं तर नशीबच म्हणायचं. हे सगळं मला फार उशिरा, एका डॉक्टरीणबाईंच्या तोंडून कळलं. तुम्हाला मात्र आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुमचंही डोकं फिरेल.

दरवर्षी चाळीस बाटल्या यायच्या, तपासनीस मला चाळीस नळ्या फिरवायला लावायचा आणि रजिस्टरात चाळीस वेळा ‘स्वच्छ’ असं लिहायचा. एका वर्षी वरच्या कार्यालयातून त्याच्या नावाचं प्रशस्तिपत्र आलं. ‘कालव्यावर एकही जंतबाधित नाही’ असं त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. तपासनीसाने ते चौकटीत बसवून बरोबर माझ्या डोक्यावर टांगलं. दवाखान्यात येणारा प्रत्येक पाहुणा आधी ते वाचायचा, मग माझ्याकडे बघून कौतुकाने मान डोलवायचा. मीही फुशारून जायची, खोटं कशाला बोलू.

तिकडे पाण्यात मात्र वेगळंच चाललं होतं. कालवेकऱ्यांत एक जुनी रीत होती. नव्या माणसाला आखूड दांड्याचा विळा मिळायचा, आणि त्याला वाकून वाकून वेली कापाव्या लागायच्या. मग एखाद्या दुपारी तो काठावर लघवीला बसला आणि ती लाल झाली की जुनी माणसं त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, “झालास आता कालवेकरी.” त्या दिवसापासून त्याला लांब दांड्याचा विळा मिळायचा. म्हणजे रक्त पडणं ही त्या कामातली बढती होती. ज्याची लघवी वर्षभरात लाल झाली नाही त्याची टिंगल व्हायची, आणि तो बिचारा स्वतःच्या तब्येतीची लाज बाळगत हिंडायचा. असा मूर्खपणा मी जन्मात दुसरा पाहिला नाही. हे रक्त आजाराचं असेल असं कुणाच्या मनात आलंच, तर तपासनीसदादांचं रजिस्टर होतंच की. दादांनी स्वच्छ लिहिलंय म्हटल्यावर विषय संपला.

तपासनीसाचा सख्खा धाकटा भाऊ याच कालव्यात कामाला होता. सगळे त्याला धाकटा असंच म्हणायचे. उंच, थट्टेखोर, पाण्यात उभ्या उभ्या गाणी म्हणणारा. त्यालाही लांब दांड्याचा विळा मिळाला होता, आणि पहिली काही वर्षं तो त्याचा तोराही मिरवायचा. पण हळूहळू लघवीला जळजळ व्हायला लागली, ओटीपोट दुखायला लागलं, आणि मग त्याची थट्टा कमी होत गेली.

एका दुपारी तो ओल्या कपड्यांनिशी दवाखान्यात आला. हातात औषधाची जुनी बाटली होती, लघवीने भरलेली. तपासनीस टेबलाशी बसून रेघा मारत होता.

“दादा, हे बघ. आत्ताची आहे.”

“वेळ काय झाली?”

“साडेबारा असतील.”

“मग? खिडकी आठला बंद होते.”

“खिडकीतून कुठे देतोय, हातात देतोय. सकाळी स्वच्छ असते रे माझी. दुपारीच अशी होते. शेवटी शेवटी तर नुसतं रक्त पडतं.”

“उन्हात राबतोस आणि पाणी पीत नाहीस. दुसरं काय होणार?”

“तू एकदा फिरवून तर बघ. तुझी चरखी काय झिजणार आहे?”

तपासनीसाने पट्टी खाली ठेवली. “हे बघ, भाऊ म्हणून तुझ्यासाठी वेगळा नियम केला तर उद्या बाकीचे एकोणचाळीस जण मला काय म्हणतील? उद्या सहाला आण. सगळ्यात आधी तुझी घेतो.”

“सहाला काही सापडणार नाही.”

“नाही सापडलं म्हणजे नाही. आनंद मान.”

आणि त्याने ती बाटली उचलली, मोरीत ओतली आणि वरून नळ सोडला. माझ्यापासून हातभर अंतरावर ती लाल धार जाळीतून खाली गेली. माझ्या चारही नळ्या धुऊन पुसून कोरड्या टांगलेल्या होत्या. दोन मिनिटांचं काम होतं. एवढं करून त्याने ती बाटली नीट विसळली, फडक्याने पुसली आणि भावाला परत दिली. मला त्या विसळण्याचा जितका राग आला तितका ओतण्याचाही आला नाही.

धाकट्याने बाटली घेतली. “बरं,” एवढंच म्हणाला आणि निघून गेला. पुढे त्याने भावाजवळ आजाराचा विषय काढला नाही. दरवर्षी सकाळी सहाला इतरांसारखी बाटली आणून द्यायचा, आणि त्याच्या नावापुढेही ‘स्वच्छ’ लागायचं.

अशी सहा वर्षं गेली. मग एक दिवस धाकट्याची लघवी पूर्ण अडली. रक्ताच्या गुठळ्या अडकल्या होत्या. त्याला मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेलं, आणि तिथे मूत्राशयात गाठ निघाली, कर्करोगाची. वय जेमतेम त्रेचाळीस. आयुष्यात विडी ओढली नव्हती की तंबाखूला शिवला नव्हता. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना हे चमत्कारिक वाटलं. गाठीचा तुकडा तपासला तेव्हा त्यात जुनी, दगडासारखी झालेली अंडी रुतलेली दिसली. काम काय करतोस, असं त्यांनी विचारलं, आणि ते ऐकून पुढच्याच आठवड्यात त्या आमच्या दवाखान्याच्या दारात उभ्या राहिल्या.

“नमुने केव्हाचे घेता?” आल्या आल्या त्यांनी विचारलं.

“सकाळी सहाचे,” तपासनीस अभिमानाने म्हणाला. “एकोणीस वर्षांत एकदाही उशीर नाही.”

“दुपारचा एकही नाही?”

“दुपारी खिडकी बंद असते.”

बाईंनी भिंतीवरचं प्रशस्तिपत्र वाचलं आणि त्या मुकादमाकडे वळल्या. “मला आज दहा माणसं हवीत. बारा वाजता, पाण्यातून वर काढून. आधी त्यांना कालव्याच्या दरवाजाच्या जिन्यावरून चार वेळा वरखाली करू द्या. आणि बाटलीत शेवटचे थेंब हवेत, सुरुवातीचे नकोत.”

“भर कामात दहा माणसं?” मुकादम म्हणाला. “आणि जिना कशाला चढवायचा? मुताची काय शर्यत लावायची आहे?”

“हालचालीने अंडी सुटून येतात. तुमची अकरावी बाटलीही चालेल मला,” बाई म्हणाल्या. मुकादम माणसं बोलवायला गेला.

मित्रांनो, त्या दुपारी मी जशी फिरले तशी कधीच फिरले नव्हते. दांडा तपासनीसाच्याच हातात होता, पण त्याचे फेरे मोजायचे चुकत होते. नळ्यांच्या तळाशी लालसर गाळ बसला. त्याने पहिला थेंब काचपट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, आणि मग त्याने बराच वेळ डोळा काढला नाही. मला आनंद झाला, हे सांगायला मला लाज वाटत नाही. एकोणीस वर्षं या माणसाने माझ्याकडून खोटी साक्ष देववली होती. आता बघ म्हटलं, पोटभर बघ.

“काटा दिसतोय?” बाईंनी विचारलं.

“दिसतोय.”

“किती आहेत?”

“मोजतोय,” तपासनीस म्हणाला. दहापैकी आठ बाटल्यांत अंडी निघाली.

बाईंनी त्याला समोर बसवून समजावलं. जंत असलेल्या प्रत्येकाला कर्करोग होतो असं मुळीच नाही. पण अंडी भिंतीत रुतून बसली, तिथे वर्षानुवर्षं जखम होत आणि भरत राहिली, तर एखाद्याच्या बाबतीत तिथेच गाठ धरू शकते. तुमच्या भावाला यामुळेच झालं असं मी शपथेवर सांगू शकणार नाही, पण संशयाला भरपूर जागा आहे, असं त्या म्हणाल्या.

“म्हणजे नक्की नाही,” तपासनीस म्हणाला.

बुडत्याला काडी मिळावी तसं त्याने ते वाक्य पकडलं. पुढे आठ दिवस तो तेच धरून बसला. मुकादमाला सांगितलं नक्की नाही, वरच्या कार्यालयाला लिहिलं नक्की नाही. रात्रंदिवस ते माझ्यासमोर चालू होतं. माझा दांडा सुटून त्याच्या डोक्यात पडावा असं मला किती वेळा वाटलं, त्याची गणतीच नाही.

बाईंनी तोवर गोळ्या मागवल्या होत्या. एकाच दिवशी घ्यायच्या, माणसाच्या वजनाप्रमाणे, की आतले जंत मरतात. पण कालवेकरी गोळ्या घेईनात. त्यांना त्या बाई परक्या होत्या. लाल होणं म्हणजे आजार, हे त्यांना पटत नव्हतं. लांब दांड्याच्या विळ्याचं मग काय करायचं? सगळ्यांचं एकच पालुपद होतं, “तपासनीसदादांनी आम्हाला स्वच्छ लिहिलंय. दादा म्हणाले तर घेऊ.” आणि दादा तोंडाला कुलूप लावून रजिस्टरात रेघा मारत बसले होते. एकोणीस वर्षं चुकीचं लिहिलं, हे चाळीस माणसांसमोर कबूल करायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तेवढ्यासाठी चाळीस माणसांच्या पोटात जंत ठेवायला तो तयार होता.

शेवटी धाकटाच आला. इस्पितळातून त्याला घरी पाठवलं होतं. आता फार काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून तो दवाखान्याच्या पायऱ्या चढला. कमरेला नळी आणि पिशवी लावलेली होती, आणि अंगातलं मांस पार उतरलं होतं. मागून त्याची तेरा वर्षांची मुलगी आली. डॉक्टरीणबाई दारापाशी होत्या, बाहेर बाकावर कालवेकरी बसलेले होते.

“दादा, सांग त्यांना,” धाकटा म्हणाला.

“डॉक्टर सांगतायत ना.”

“डॉक्टरांना ते ओळखत नाहीत. तुला ओळखतात. तुझ्या सहीवर भरवसा ठेवतात. मीही ठेवला होता.”

“हे बघ, तुझं दुखणं त्यामुळेच आहे असं नक्की नाही. डॉक्टरांना विचार हवं तर.”

“मी तुला माझं विचारत नाहीये. माझं जे व्हायचं ते झालं. बाहेर बसलेत त्यांचं विचारतोय.”

तपासनीसाने रजिस्टर पुढे ओढलं. तेव्हा धाकट्याची बायको पुढे झाली. तिने पिशवीतून एक बाटली काढली आणि माझ्या दांड्याला लागून ठेवली. खिडकीच्या उजेडात ती गुलाबी दिसत होती.

“ही तुमच्या पुतणीची,” ती म्हणाली. “वडिलांचा डबा घेऊन रोज कालव्यावर जायची, तिथेच पोहायला शिकली. आज दुपारी बाराची आहे, भाऊजी. खिडकी बंद असेल तुमची. ही पण ओता मोरीत.”

मुलगी खाली मान घालून उभी होती. तपासनीसाने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग त्याने बाटली उचलली. एक क्षण मला वाटलं, हा माणूस खरंच ओतणार. पण त्याने नळी भरली, मला लावली आणि दांडा फिरवायला लागला. त्या वेळी तो फेरे मोजत नव्हता. थेंब काचपट्टीबाहेर पडला, दोनदा पट्टी बदलावी लागली. त्याने सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि खुर्ची मागे सारली.

तो बाहेर बाकापाशी गेला. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

“तुमच्या नावापुढे मी स्वच्छ लिहिलं ते चुकीच्या वेळी बघून लिहिलं,” तो म्हणाला. “हे जंत दुपारी दिसतात. मी सकाळी बघत होतो. तुम्हाला रक्त पडतं तो आजार आहे. माझ्या भावाने सहा वर्षांपूर्वी मला दुपारची बाटली आणून दिली होती. मी ती ओतून दिली. गोळ्या घ्या.”

बाकावरचा सगळ्यात वयस्कर कालवेकरी उठला. त्याच्या दोन मुलांना त्याने स्वतः लांब दांड्याचे विळे दिले होते. तो तपासनीसाच्या पायापाशी थुंकला, आणि डॉक्टरीणबाईंच्या समोर वजनकाट्यावर जाऊन उभा राहिला. त्याच्यामागे एकेक जण उभा राहिला.

तो आत आला तेव्हा धाकटा टेबलाशी बसला होता. तपासनीसाने त्याचा हात धरायला हात पुढे केला. धाकट्याने आपला हात मांडीवरून हलवला नाही.

“दादा, बरं केलंस सांगितलंस,” तो म्हणाला. “पण मी तुला माफ करणार नाही. मला तेवढा वेळ नाहीये.”

धाकटा अडीच महिन्यांनी गेला. तोवर तपासनीस रोज त्याच्या घरी जायचा आणि रोज ओट्यावर बसून परत यायचा. भावजय त्याला आत या म्हणायची नाही. धाकटा गेल्यावर काही दिवसांनी ती मुलीला घेऊन दवाखान्यात आली. गोळ्या घेऊन झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. बाई स्वतः हजर होत्या. त्यांनी बाटलीकडे हात केला, पण भावजयीने बाटली दिली नाही.

“तुम्ही नको,” ती म्हणाली. “हे बघतील.”

तपासनीस दचकला. “माझ्यावर तुझा विश्वास कसा बसेल?”

“नाहीच बसणार. म्हणून तर तुम्ही बघा. दुसऱ्या कुणाची चूक झाली तर मी नशिबाला बोल लावीन. तुमची झाली तर तुम्हाला सोडणार नाही.”

तीन दिवस ती मुलीला घेऊन दुपारी येत होती. तीन दिवस त्याने मला फिरवलं आणि पट्टीचा कोपरा न् कोपरा पाहिला. एरवी दहा मिनिटांचं काम, तो तासभर डोळा लावून बसायचा. भावजय पूर्ण वेळ त्याच्या पाठीशी उभी राहायची. बाईंनी खुर्ची दिली तरी बसायची नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मान वर केली.

“नाहीत,” तो म्हणाला. “एकही नाही.”

तेव्हा ती खुर्चीत बसली आणि पदराने तोंड झाकून रडायला लागली. तीन महिन्यांत मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

मुलगी मात्र चटकन हसली. “काका, मग मी उद्यापासून पोहायला जाऊ?”

“नाही,” तपासनीस म्हणाला. “गोळीने आतले मेले. पाण्यात अजून आहेत.”

“मग पाणी कधी स्वच्छ होणार?”

तपासनीसाने तो प्रश्न मुकादमाला विचारला, वरच्या कार्यालयाला लिहून पाठवला. उत्तर आजतागायत आलेलं नाही. गोगलगायी तशाच आहेत. उंच रबरी बूट मागवलेत म्हणतात, पण माणसं अजून उघड्या पायांनीच पाण्यात उतरतात. फरक एवढाच की खिडकी आता दुपारी उघडते, सगळ्यांना गोळ्या मिळतात आणि लांब दांड्याचा विळा वयाप्रमाणे दिला जातो.

मित्रांनो, आता टेबलावर विजेवर चालणारं नवं यंत्र आहे. मला कपाटावर चढवून ठेवलं आहे, माझा दांडा गंजून जाम झाला आहे, आणि एका नळीत कोळ्याने घर केलं आहे. अशा वेळी माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याकडे तेलाचे दोन थेंब मागतात, जरा पुसा म्हणून गयावया करतात. मला तेल नको आणि पुसणंही नको. मला बोलायचं होतं ते वेगळंच आहे. तुमच्या शरीरात काही बिघडलं, कुठून रक्त आलं, तर त्याला मोठेपणा समजू नका आणि लाजून लपवूही नका. ते दिसतं त्याच वेळी, दिसतं तसंच, मोठ्या माणसाकडे घेऊन जा. तो माणूस चांगला असेल, नीटनेटका असेल, तुमचा सख्खाही असेल. तरीही तो वेळ झाली नाही म्हणाला, आणि तुमची बाटली ओतून देऊ लागला, तर गप्प राहू नका. भांडा, दुसऱ्याचं दार ठोठावा, दुसरी बाटली आणा.

धाकटा “बरं” म्हणून घरी गेला होता.